तराजू एकच हवा

आपल्याकडे तर्कशास्त्राचे जुने नाव 'न्याय' असे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांपासून ते चालत आले. मराठीत मात्र आज 'न्याय' म्हटले की आपल्याला कोर्टकचेरी, फिर्याद आणि निकाल आठवतो. नीट विचार करणे आणि कुणावर अन्याय न करणे या दोन गोष्टींना भाषेने एकच शब्द दिला आहे. इस्लामी ज्ञानपरंपरेतही काहीसे असेच घडले. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी तर्काचे नियम समजावून देण्यासाठी जे छोटे पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'अल-किस्तास अल-मुस्तकीम', म्हणजे 'सरळ तराजू'. अनुमानाच्या पद्धतींना त्यांनी त्यात तराजूच म्हटले आहे आणि त्या कुरआनातूनच शोधून दाखवल्या आहेत.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, मुस्लिम समाजात चिकित्सेचा विषय निघाला की दोन टोकाच्या प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. आतले लोक म्हणतात, फार प्रश्न विचारू नयेत, त्याने ईमान कमजोर होते. बाहेरचे लोक म्हणतात, यांच्यात प्रश्न विचारण्याची परंपराच नाही. आम्हाला ही दोन्ही विधाने चुकीची वाटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही विधाने करणारे लोक तर्काला केवळ पंडितांचा खेळ समजतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. चुकीचे अनुमान हा केवळ बुद्धीचा दोष नसतो. त्याची किंमत कुणीतरी मोजत असते, आणि बहुतेक वेळा ती किंमत अनुमान काढणारा मोजत नाही. म्हणून विचाराचे साधे, प्राथमिक नियम आपल्या रोजच्या जगण्यातल्या उदाहरणांवर तपासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटते.

बातमी आणि तिची साखळी

विचाराची सुरुवात विधानापासून होते. एखादे विधान समोर आले की पहिला प्रश्न हा की, हे कशावरून? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी हा प्रश्न कुणी विचारला नाही. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश व्हॉट्सअॅपवरून आधीच पसरले होते. भिक्षा मागून पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या गावात आले आणि जमावाने त्यांना ठेचून मारले. तिथे अनुमान असे झाले: टोळीत अनोळखी माणसे असतात, हे अनोळखी आहेत, म्हणून हे टोळीतले आहेत. सगळे चोर रात्री जागतात, पहारेकरीही रात्री जागतो, म्हणून पहारेकरी चोर आहे असे म्हणण्यासारखेच हे आहे. कागदावर वाचले तर शाळकरी मूलही यावर हसेल. गर्दीत कुणी हसले नाही, कारण तिथे अनुमान तपासलेच गेले नाही. आणि टोळी खरोखर आहे का, हे तर त्याच्याही आधीचे विधान. ते कुणी पाहिले होते? कुणी सांगितले होते? ज्याने पाठवले त्याला कुणी पाठवले होते?

नेमका हाच प्रश्न हजार-बाराशे वर्षांपूर्वी हदीसच्या अभ्यासकांनी एका शास्त्राच्या पातळीवर नेला. प्रेषितांचे म्हणून एखादे वचन कानावर आले की ते आधी त्याची 'इस्नाद' मागत, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले त्याची अखंड साखळी. साखळीतली प्रत्येक कडी तपासली जाई. हा माणूस त्या माणसाला खरोखर भेटला होता का? दोघांचा काळ जुळतो का? इमाम बुखारी (८१०-८७०) या बाबतीत विशेष कठोर होते. यातली एक गोष्ट आम्हाला आजच्या काळासाठी फार मोलाची वाटते. निवेदक सच्चा आणि नेक असणे एवढे पुरेसे मानले जात नसे. त्याची स्मरणशक्ती आणि नेमकेपणाही तपासला जाई. पाच वक्तांचा नमाजी, कधी खोटे न बोलणारा, पण ऐकलेल्यात गोंधळ करणारा असा माणूस असेल तर त्याची रिवायत कमकुवत ठरे. सज्जनपणा आणि विश्वासार्हता यांत त्यांनी फरक केला होता. आज नात्यातले एखादे आदरणीय चाचा रोज सकाळी पंधरा संदेश पुढे ढकलतात तेव्हा आपण हा फरक विसरतो. चाचा नेक आहेत यात शंका नाही. पण त्यांनी पाठवलेली बातमी खरी आहे का, हा प्रश्न तसाच उरतो.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. पाठीमागे कुणाचे दोष काढणे, म्हणजे गीबत, हे इस्लाममध्ये मोठे पाप. मग निवेदकांचे दोष ग्रंथांत नोंदवायचे कसे? उलेमांनी यावर विचार केला आणि ठरवले की, लोकांना खोट्यापासून वाचवण्यासाठी केलेली अशी चिकित्सा गीबत ठरत नाही. म्हणजे चिकित्सा हे बेअदबीचे नव्हे, तर जबाबदारीचे काम आहे, हा निर्णय आपल्याच परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवला आहे. कुरआनच्या 'अल-हुजुरात' या सूरहमध्येही हाच आशय आहे. अविश्वासू माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाचे नुकसान होईल आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येईल. शहानिशा न करण्याचा धोका तिथे 'तुमची फसवणूक होईल' असा नाही सांगितलेला. दुसऱ्याचे नुकसान होईल, असा सांगितलेला आहे.

न बोललेले गृहीतक

काही अनुमाने मात्र रचनेने अगदी बरोबर असतात, आणि तरीही निष्कर्ष खोटा निघतो. मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुस्लिम लेखकांना एक कौतुक वर्षानुवर्षे ऐकावे लागते: 'तुमचे मराठी किती छान आहे! वाटत नाही हो तुम्ही मुसलमान आहात.' बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण या वाक्याच्या पोटात एक न बोललेले विधान दडलेले असते. सगळ्या मुसलमानांची भाषा उर्दू, हे मुसलमान, म्हणून यांना मराठी यायला नको. आकार निर्दोष आहे. चूक पहिल्या विधानात आहे. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मराठीतून रान उठवले, १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या खेड्यांत तर मराठी ही घराघरात वापरली जाणारी भाषा आहे. 'सगळे' या शब्दाला खोडून काढायला खरे तर एकच उदाहरण पुरते, इथे तर रांग लागते.

म्हणून युक्तिवाद ऐकताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. दिलेल्या आधारांवरून निष्कर्ष निघतो का? आणि ते आधार मुळात खरे आहेत का? यातला दुसरा प्रश्न अधिक अवघड, कारण आधार पुष्कळदा बोललाच जात नाही. तो हवेत असतो.

काहींवरून सगळे

मार्च २०२० मध्ये दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमध्ये तबलिगी जमातचे लोक जमले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचे उघड झाले. एवढे तथ्य. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याचा निष्कर्ष असा झाला की, मुसलमान रोग पसरवतात. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. त्या काळात एवढ्या लोकांनी एकत्र राहणे योग्य होते का, हा प्रश्न रास्त होता आणि आहे. पण तो आयोजकांना विचारायचा प्रश्न होता. गल्लीत केळी विकणाऱ्या बागवानाला नव्हे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात बळीचे बकरे शोधले जातात आणि या परदेशी लोकांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे त्या निकालात नमूद झाले. काहींवरून सगळ्यांबद्दल बोलणे याला तर्कशास्त्रात घाईचे सामान्यीकरण म्हणतात. त्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ कुणाचा तरी बुडालेला धंदा असा होता.

इथपर्यंत वाचून आपले बहुतेक वाचक मान डोलावतील. कारण इथपर्यंतच्या उदाहरणांत अन्याय आपल्यावर किंवा आपल्यासारख्याच दुबळ्यांवर झालेला आहे. खरी परीक्षा पुढे आहे. हेच नियम आपल्या घरात लावायचे तेव्हा काय होते?

तराजू घरात आणला तर

पोलिओचे डोस पाजल्याने मुले पुढे नपुंसक होतात, अशी अफवा २००० नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत घट्ट बसली होती. ही अफवा हवेतून आली नव्हती. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, सक्तीच्या नसबंदीचा अनुभव गरिबांनी घेतला होता. ज्या दवाखान्यात साध्या तापावर औषध मिळत नाही, त्याच सरकारची माणसे फुकट थेंब पाजायला पुन्हा पुन्हा दारात का येतात, असा प्रश्न आयांना पडणे स्वाभाविक होते. म्हणजे संशयाला कारण होते. परंतु संशयाला कारण असणे वेगळे आणि संशय खरा असणे वेगळे. या दोहोंत गल्लत झाली आणि त्याची किंमत ज्यांना विचार करण्याचे वयच नव्हते अशा मुलांच्या पायांनी मोजली. पुढे गावोगावचे इमाम, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांनी पुढाकार घेऊन लोकांची समजूत घातली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मौलवीसाहेब सांगतात म्हणून ऐकणे नेहमीच चूक नसते, हेही यातून दिसते. ज्याला ज्या विषयाचे ज्ञान आहे त्याचे त्या विषयात ऐकावे, आणि मौलवींनी इथे डॉक्टरांचे ज्ञान आपल्या शब्दांत पोहोचवले, म्हणून त्यांचे ऐकणे योग्य ठरले.

दुसरे उदाहरण. 'इस्लाममध्ये जातपात नाही' हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. तत्त्व म्हणून ते खरे आहे. पण त्याच दमात आपण 'मुसलमानांत जातपात नाही' असे म्हणतो, तेव्हा वाक्य बदललेले असते. पहिले वाक्य काय असावे ते सांगते. दुसरे वाक्य काय आहे ते सांगते. 'असावे' वरून 'आहे' सिद्ध होत नाही, आणि 'आहे' वरून 'असावे' ही सिद्ध होत नाही. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की सय्यद, पठाण, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, कसाई हे शब्द कुठून येतात? नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालानेही अश्रफ, अजलाफ, अरजल या उतरंडीची दखल घेतली आहे. तत्त्व सुंदर आहे म्हणून व्यवहाराकडे डोळेझाक करणे यात सगळ्यात जास्त नुकसान उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाचे होते. त्याचे दुःखच नाही असे आपण तर्काने ठरवून टाकतो, आणि वर त्याला सांगतो की हा समाज समतेचा आहे.

हे कोण बोलते आहे?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे, ही मागणी होती. त्यांच्या वाट्याला जो विरोध आला, त्यात त्या सात स्त्रियांच्या कहाण्या खोट्या आहेत असे कुणी फारसे म्हटले नाही. चर्चा झाली ती दलवाई कोण, ते नमाज पढतात का, त्यांच्या बोलण्याचा फायदा कुणाला होतो, याची. हे प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्यांची कोणतीही उत्तरे आली तरी त्या स्त्रियांवर अन्याय होतो की नाही, याचा निकाल त्यांतून लागत नाही. दलवाईंची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. पण बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्याची सत्यता या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. आपल्या शत्रूने 'तुझ्या घराला आग लागली' असे सांगितले तर आपण आधी धूर पाहायचा असतो.

तलाकच्या प्रश्नावर आपल्या परंपरेकडे उत्तम साधन होते. फिक्हमध्ये 'कियास' नावाची पद्धत आहे. मूळ नियम घ्यायचा, त्याचे कारण म्हणजे 'इल्लत' शोधायचे, आणि नव्या प्रसंगी तेच कारण आढळले तर तोच नियम लावायचा. द्राक्षाची मदिरा निषिद्ध, कारण ती नशा आणते. म्हणून नशा आणणारे दुसरे पेयही निषिद्ध. सगळा भार कारणावर असतो, बाहेरच्या साम्यावर नव्हे. द्राक्षाचा रस आणि मदिरा रंगाने सारखे दिसतात म्हणून रस हराम होत नाही. आता तलाककडे पाहू. प्रेषितांच्या काळात, हजरत अबू बक्र यांच्या काळात आणि हजरत उमर यांच्या खिलाफतीच्या पहिल्या वर्षांत एकदम दिलेले तीन तलाक एकच धरले जात, अशी रिवायत 'सहीह मुस्लिम' मध्ये आहे. लोक उतावीळपणे तलाक देऊ लागले म्हणून हजरत उमर यांनी ते तीन म्हणून लागू केले. म्हणजे कारण होते पुरुषांच्या उतावळेपणाला लगाम घालण्याचे. ज्या काळात त्याच नियमाने पुरुषांचा उतावळेपणा सोकावला आणि शिक्षा मात्र स्त्रीला होऊ लागली, तिथे इल्लत उरली कुठे? इजिप्तने १९२९ साली एका बैठकीतले तीन तलाक एक मानणारा कायदा केला. पाकिस्तानने १९६१ साली अध्यादेश काढून तोंडी तलाकवर निर्बंध आणले. आपल्याकडे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, त्यात असाही एक मुद्दा होता की, झटपट तलाकची सोय नसेल तर नवरा बायकोपासून सुटका करून घेण्यासाठी तिचा जीवही घेऊ शकेल. तलाक नाहीतर खून! या दोहोंच्या मध्ये समेट, लवाद, तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने दिला जाणारा तलाक, खुला, असे कितीतरी मार्ग शरीयतनेच ठेवले आहेत. दोनच पर्याय आहेत असे भासवून त्यातला कमी वाईट स्वीकारायला लावणे ही तर्कातली जुनी लबाडी आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही प्रथा रद्द ठरवली.

तराजू एकच हवा, तर तो इथेही थांबू नये. २०१९ च्या कायद्याने झटपट तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. मग कोणत्याही धर्माचा नवरा बायकोला तलाक न देता, घटस्फोट न देता नुसतेच टाकून देतो, तेव्हा त्या टाकलेल्या बाईचे दुःख कमी असते का? नसेल, तर त्या टाकण्यासाठी तशी कैद का नाही? मुस्लिम स्त्रीच्या कळवळ्याने बोलणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र १९६६ साली त्या सात जणींच्या बाजूने उभे राहण्याची तयारी असेल, तरच तो अधिकार शोभतो.

स्वतःवर संशय

नीतीच्या विचारात नियतीला फार मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण चांगली नियत चुकीच्या माहितीवर चालली तर तिचा परिणाम राईनपाड्यासारखा होतो. तिथल्या जमावातही मुलांच्या काळजीने धावलेले लोक असणारच. म्हणून नियतीला परिणामांची जोड हवी, आणि त्या दोघांनाही एका साध्या कसोटीची: जागा बदलून पाहा. शहरात मुसलमान म्हणून घर नाकारले तर आपल्याला संताप येतो. मग आपल्या मालकीची खोली आपण एकट्या राहणाऱ्या नोकरदार बाईला, सफाईकाम करणाऱ्या कुटुंबाला देतो का? नाकारताना आपण जी कारणे देतो, ती आपल्याला नाकारणाऱ्याच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत का? दुसऱ्याच्या तोंडून जे कारण आपल्याला अन्यायाचे वाटते, ते आपल्या तोंडी आले म्हणून न्यायाचे होत नाही.

प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीवरील शंकांच्या आपल्या ग्रंथात सत्यशोधकासाठी एक अट सांगितली आहे. मोठ्यांनी लिहिले म्हणून त्याने काही मान्य करू नये, प्रत्येक बाजूने ते तपासावे. आणि हे करताना त्याने स्वतःवरही संशय घ्यावा, म्हणजे त्याच्याकडून पक्षपातही होणार नाही आणि ढिलाईही होणार नाही. अकराव्या शतकातला हा माणूस. जोतीरावांनी १८७३ साली आपल्या समाजाला 'सत्यशोधक' हे नाव दिले आणि १९७० साली पुण्यात दलवाईंनी आपल्या मंडळासाठी तोच शब्द घेतला. शोधणाऱ्यांची ही वाट लांबची आहे आणि ती कुणा एकाच्या मालकीची नाही.

कुरआनमध्ये न्यायाबद्दल दोन आदेश आहेत. ते आपण क्वचितच शेजारी ठेवून वाचतो. 'अल-माइदा' मध्ये सांगितले आहे की, एखाद्या समूहाशी असलेल्या वैरामुळे त्याच्याशी अन्यायाने वागू नये. 'अन-निसा' मध्ये सांगितले आहे की, साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, आप्तांच्या विरोधात जात असली तरी ती न्यायानेच द्यावी. पहिला आदेश तराजूचे एक पारडे सांभाळतो, दुसरा दुसरे. आपल्यावर अन्याय झाला की आपण जगाला पहिला वाचून दाखवतो. दुसरा मात्र आपल्यालाच वाचावा लागतो, आणि आमच्या मते चिकित्सेची सुरुवात तिथूनच होते.